मामीच्या खिशातली चावी

माझी मामी टेम्पो चालवते आणि त्या टेम्पोत गॅसचे सिलिंडर असतात. स्वयंपाकाचे नव्हेत; वेल्डिंगच्या वर्कशॉपला लागणारे, उंचीला मामीच्या खांद्यापर्यंत येणारे आणि वजनात तिला सहज हरवणारे.

हे काम मुळात मामाचं. नव्या माणसांना तो वर्षानुवर्षं एकच गोष्ट ओरडून सांगायचा, "सिलिंडर पडायला लागला की धरायचा नाही. हात सोडायचे, पाय काढायचे, बाजूला व्हायचं!" आणि एके दिवशी उतारावर सिलिंडर कलला, तेव्हा मामानेच तो धरला. डाव्या पायाची बोटं गेली. जो तो विचारायचा, "तुला माहीत असून का धरलास?" मामाचं उत्तर ठरलेलं होतं : "हातांनी मला विचारलंच नाही."

गॅस डेपोच्या साहेबांनी त्याचा रूट मामीला दिला, पण एक अट घालून. "वहिनी, गिऱ्हाइकाची एक जरी तक्रार आली, तरी मला दुसरा ड्रायव्हर बघावा लागेल." घर त्या रूटवर चालत होतं. मामीने मामाचा जुना खाकी शर्ट अंगात चढवला आणि कामाला लागली.

मामाने तिला अंगणात शिकवलं. पाय खुर्चीवर ठेवून तो बसायचा आणि मामी रिकामा सिलिंडर किंचित तिरपा करून बुडाच्या कडेवर फिरवत पुढे न्यायची. मध्येच मामा म्हणायचा, "आता सोड!" आणि मामी नेमकी घट्ट धरायची.

"सोड म्हणतोय ना! दुधाचं पातेलं आहे का ते?"

"लहानपणापासून सगळ्यांनी पडतं ते धरायलाच शिकवलंय," मामी धापा टाकत म्हणायची. "कप धर, पोर धर, सासूबाईंचा शब्द खाली पडू देऊ नकोस. आता एकाएकी सोड म्हणता, ते कसं जमायचं?"

पण जमलं. अंगणातल्या फरशीचे तुकडे झाले, तेव्हा जमलं.

बाकीचे नियम तिला जड गेले नाहीत. वाहतुकीत प्रत्येक सिलिंडरच्या वाल्ववर लोखंडी टोपी हवीच. सिलिंडर उभे आणि साखळीने बांधलेले. ऑक्सिजनच्या वाल्वला तेलकट हात लावायचा नाही. चारही बाजूंनी बंद गाडीत माल न्यायचा नाही. मामी म्हणते, "घर चालवण्यापेक्षा सोपं आहे. इथे निदान नियम रोज बदलत नाहीत."

तिची परीक्षा झाली ती मात्र घरच्याच माणसाकडे. रूटवरचं सगळ्यात मोठं वर्कशॉप तिच्या व्याह्यांचं, म्हणजे माझ्या मामेबहिणीच्या सासऱ्यांचं. ताई तिथे ऑफिस सांभाळते आणि तिचा नवरा वेल्डिंग करतो. पुढचं सगळं मला ताईने सांगितलं.

त्या दिवशी मामीला पोचायला दुपार झाली. सकाळी माल भरताना साखळीची एक कडी फाकलेली दिसली आणि नवी साखळी मिळेपर्यंत तिने टेम्पो हलवला नाही; तसं फोन करून कळवलंही होतं.

"या विहीणबाई," व्याही दारातच म्हणाले. "साखळी मिळाली का? आम्हाला वाटलं, सोन्याची घडवताय. तुमच्या भरवशावर राहिलो असतो तर भरवशाच्या म्हशीला टोणगा झाला असता. डेपोला सांगून तुमचा ॲसिटिलीनचा सिलिंडर रद्द केला आणि मीच घेऊन आलो बघा दुसरा, ओळखीच्या गॅरेजातून."

"कशातून आणलात?"

व्याह्यांनी अभिमानाने आपल्या मोटारीकडे बोट दाखवलं. मागची सीट पाडलेली होती, काचा बंद होत्या. ॲसिटिलीनचा, म्हणजे वेल्डिंगच्या ज्योतीत जळणाऱ्या गॅसचा, सिलिंडर त्यांनी दीड-दोन तास आडवा निजवून आणला होता आणि नुकताच आत नेऊन उभा केला होता. जावई त्याला वेल्डिंगच्या टॉर्चची नळी जोडत होता. एका गिऱ्हाइकाचा ट्रेलर संध्याकाळी द्यायचा होता.

आत गळलेला गॅस साचला असेल म्हणून मामीने आधी मोटारीची चारही दारं आणि डिकी सताड उघडली. मग आत जाऊन वाल्ववरची चावी काढली आणि शर्टाच्या खिशात टाकून वर बटण लावलं. हा वाल्व एरवी त्या चावीनेच उघडतात आणि वर्कशॉपमध्ये चावी एकच होती.

"जावईबापू, संध्याकाळपर्यंत उभं राहू द्या त्याला. मग लावा कामाला."

यामागचं शास्त्र थोडक्यात सांगतो. ॲसिटिलीनचा सिलिंडर आतून पोकळ नसतो. त्यात स्पंजसारखा सच्छिद्र पदार्थ भरलेला असतो, तो ॲसिटोनने भिजवलेला असतो आणि गॅस त्या द्रवात विरघळून शांत राहतो. सिलिंडर आडवा केला की द्रव तोंडाशी येतो. लगेच उघडला तर तो गॅसबरोबर नळीत उतरतो, ज्योत बिघडते आणि आग नळीतून उलटी फिरण्याचा धोका वाढतो. मामी हे एका वाक्यात सांगते, "झोपेतून उठलेल्याला लगेच कामाला लावू नये, अंगावर येतो."

"विहीणबाई, चावी द्या," व्याही म्हणाले.

"संध्याकाळी देते."

"संध्याकाळी गिऱ्हाईक दारात उभं राहील!"

"राहू दे. सिलिंडरला सोबत होईल."

ताई सांगते, तिने हसू कसंबसं दाबलं. सासऱ्यांचे कान लाल झाले होते. त्यांनी भिंतीवरचा पाना काढला. "चावीवाचून अडतंय थोडंच? याने उघडतो."

मामी बाजूला झाली. "उघडा. पण टॉर्च तुमच्या हातात नाही व्याहीबुवा, तुमच्या मुलाच्या हातात आहे."

पाना हवेतच राहिला. जावयाने टॉर्च हळूच टेबलावर ठेवला आणि तो हात धुवायला निघून गेला. तिथल्या नळाला पाणी सकाळपासून नव्हतं.

मग व्याह्यांनी थेट डेपोला फोन लावला, तोही सगळ्यांना ऐकू जाईल असा. साहेबांनी ऐकून घेतलं आणि नेहमीच्या गोड आवाजात म्हणाले, "वहिनी, जुनं गिऱ्हाईक आहे. द्या ना चावी."

"देते साहेब. तुम्ही फक्त एवढंच म्हणा, की आडवा आणलेला सिलिंडर लगेच उघडा. सगळे ऐकतायत. म्हणा, की दिली चावी."

पलीकडे खोकल्याचा आवाज आला. "मी... जरा मीटिंगमध्ये आहे. रूटचं काय करायचं ते आपण उद्या बोलू, वहिनी."

मामीने बाहेर येऊन मामाला फोन केला. झालेलं सगळं सांगून विचारलं, "अहो, रूट जाईल बहुतेक. चावी देऊन टाकू का?"

 मामा म्हणाला, "रूट पडायला लागलाय ना? मग धरू नकोस. पाय काढ."

मामीने डोळे पुसले, आत जाऊन एक स्टूल ओढलं आणि सिलिंडरशेजारी बसली. ताईने दोनदा चहा आणला. एक कप व्याह्यांचा होता, तो दोन्ही वेळा थंड झाला. गिऱ्हाईक आलं, ट्रेलरकडे बघून कुरकुरलं आणि सकाळी येतो म्हणून गेलं.

सावल्या लांबल्या तेव्हा मामीने बटण काढलं. चावी तिने व्याह्यांच्या हातात दिली नाही, वाल्ववर स्वतः बसवली. जावयाने अगदी हळू वाल्व उघडला. मामीने सगळ्या जोडांना साबणाचं पाणी लावलं. कुठेही बुडबुडा आला नाही. ज्योत पेटली, सरळ आणि निळी.

"झालं का काही?" व्याही म्हणाले. "दिवस वाया घालवलात, आणि झालं का काही?"

"नाही झालं."

"मग?"

"मग काय? त्याच्यासाठीच तर बसले होते."

व्याह्यांनी पुन्हा फोन काढला. मामी रिकामे सिलिंडर टेम्पोत चढवत होती, पण कान तिकडेच होते.

"साहेब, माझी तक्रार लिहून घ्या," व्याही सांगत होते. "एका वेळी एकच ॲसिटिलीन पाठवता, हा काय धंदा झाला? उद्यापासून दोन पाठवा. एक चालेल, एक उभा राहील. मला परत कोणाच्या साखळीची वाट बघायला लावू नका." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "ड्रायव्हर? ड्रायव्हर बदलून काय मिळणार? नव्या माणसाशी पहिल्यापासून भांडायला मला वेळ कुठे आहे?"

मामीने साखळी आवळली, हाताने हिसडा देऊन पाहिली आणि टेम्पो सुरू केला.

घरी मामा दारातच काठी टेकून उभा होता. "रूट?"

"आहे," मामी शर्ट काढून खुंटीला अडकवत म्हणाली. "उद्या दोन उतरवायचेत तिथे. आणखी एक साखळी लागेल."