बरणीतली हळद

माझ्या जर्मन सासऱ्यांकडे वारशाने आलेली एक चिनी बरणी आहे. तपकिरी, बोजड, गुडघ्याच्या वर येईल एवढी. हजारेक वर्षांपूर्वी चीनहून अरबांकडे माल नेणाऱ्या जहाजावरची, आणि त्यांच्या आजोबांनी बसऱ्याच्या बाजारात घेतलेली. एवढं सगळ्यांना मान्य होतं. वाटेत ते जहाज कोकणात थांबलं आणि बरणी तिथे पुन्हा भरली गेली, हे सासऱ्यांचं म्हणणं मात्र कुणी मनावर घेत नसे. भूगोलाचे निवृत्त मास्तर ते. सून महाराष्ट्रातली मिळाल्यावर त्यांना चेवच चढला.

लहान घरात राहायला जाताना त्यांनी बरणी एर्लांगेनला आमच्या केलरमध्ये, तळघरात, ठेवली. मेमध्ये आई नाशिकहून आली. एक दिवस ऑफिसातून येऊन पाहते तर बरणी गरम पाण्याने आतून घासलेली, उन्हात वाळवलेली, हिंगाची धुरी दिलेली, आणि आत कैरीचं लोणचं. इतकी छान बरणी तळघरात नुसती पडून होती, असं आईचं म्हणणं. तिला काय बोलणार? काचेत जास्त टिकतं असं सांगून मी लोणचं काढून घेतलं, बरणी पुसून जागेवर ठेवली आणि नवऱ्यालाही पत्ता लागू दिला नाही.

नंतर सासऱ्यांनी ती हायडेलबर्गच्या एका संशोधक बाईंकडे न्यायची ठरवली. आतला थर खरवडून त्या तपासणार होत्या. बरणी गाडीत ठेवायला मीच हात लावला. तेव्हा सांगायला हवं होतं.

परवा रविवारी ते कॉफीला आले तेच डोळे पुसत. थरात हळद आणि मोहरी सापडली होती. बाई अजून काही चाचण्या करू म्हणत होत्या, पण सासऱ्यांना धीर कुठला? त्यांनी गावच्या इतिहास मंडळात व्याख्यानही ठरवून टाकलं होतं. आयुष्यभर त्यांना हसलेली माणसं समोर बसणार होती. आणि त्यांना ही बातमी माझ्या आईला सांगायची होती, लगेच.

व्हिडिओ कॉल लागला. ते म्हणाले, "तिला सांग, तिच्याच मुलखातल्या कुणीतरी हजार वर्षांपूर्वी या बरणीत हळद घातली. गेनाऊ, अगदी मी म्हणत होतो तसंच."

मी सांगितलं. आई हसायला लागली. "अगं, हजार वर्षं कुठली? माझ्या लोणच्याची हळद ती. सांग ना व्याह्यांना."

सासरे माझ्या तोंडाकडे बघत होते. इतका निर्धास्त विश्वास माझ्यावर कुणी टाकू नये.

"आई तुमचं अभिनंदन करते आहे," मी जर्मनमध्ये म्हणाले.

त्यांनी छातीवर हात ठेवून आईला "डांके" म्हटलं. आभाराचं तेवढं जर्मन तिला येत होतं.

"बघ, आवडलं त्यांना," आई म्हणाली. "पुढच्या वर्षी बरणी भरूनच लोणचं घालते."