रस्त्यापलीकडचे चणे

तळेपाखाडीत चणे बाफायला टोप लागतो तो अर्सुला मिस्किटांच्या घरचा. मे महिना लागला, की अंधेरी पूर्वेच्या या जुन्या ख्रिस्ती गावठाणात रोज संध्याकाळी रस्त्याकडेच्या क्रुसापुढे लदीन होते, म्हणजे सगळी वाडी जमून गात प्रार्थना करते. ती आटोपली, की खोबऱ्याचे तुकडे घातलेले चणे वाटायचे, आणि ते खातखात वाडीचं जे काय असेल ते बोलायचं. कोणाचं गटार तुंबलं, कोणाच्या मुलीचं ठरलं, मत कोणाला द्यायचं. नियम एकच: ज्याने चणे घेतले, त्याला बोलायचा हक्क. रिकाम्या हाताने कोणी तोंड उघडलं, तर म्हातारे मान फिरवतात. नियम कोणी केला ते कोणाला ठाऊक नाही. क्रूस प्लेगच्या साली बसवला, त्याच सुमाराचा असावा.

अर्सुलाबाईंनी साठी ओलांडली आहे. नवरा गेल्यापासून त्या लग्नाच्या जेवणाच्या ऑर्डरी घेतात, उन्हाळ्यात बाटली मसाला कुटून देतात. राजकारण त्यांच्या लेखी दर निवडणुकीला एकदा यायचं. चण्यांच्या वेळी दीर बॅसिल एक नाव सांगायचा आणि सगळी वाडी त्या नावापुढचं बटण दाबायची. आपण थोडे आहोत, तेव्हा एकगठ्ठा असलो तरच कोणी विचारेल, हा बॅसिलचा हिशेब होता. बाईंना तो पटलेला होता.

गेल्या मे महिन्यात रस्ता रुंद करायचं ठरलं. पालिकेची माणसं क्रुसाच्या चौथऱ्यावर लाल फुली मारून गेली. दुसऱ्याच दिवशी हर्षद आला. तो एका पक्षाचा वॉर्डातला कार्यकर्ता, अडल्यानडल्याला धावणारा. चहा पिता पिता त्याने सांगितलं, की क्रूस जागचा हलणार नाही, रस्त्याची रेषा पलीकडे सरकवू. पावसाळ्यानंतर पालिकेची निवडणूक आहे, तेव्हा वाडीने आठवण ठेवावी. बॅसिल खूश झाला. बायका वहिनीचं ऐकतात म्हणून रविवारच्या लदीनीनंतर हे वहिनीनेच सांगावं, असंही त्याने ठरवून टाकलं.

"पलीकडे म्हणजे विहारात जाणार ना रे रेषा?" बाईंनी विचारलं.

"ती मतं आपली नाहीतच, आंटी," हर्षद म्हणाला. त्याच्या आवाजात दुष्टपणा नव्हता. बसचा नंबर सांगावा तसं त्याने ते सांगितलं होतं.

रस्त्यापलीकडे चाळ आहे. तिच्या कोपऱ्यावर बौद्ध कुटुंबांनी बांधलेली विहाराची खोली, तिला लागून कोकणातून आलेल्या जुन्या गिरणी कामगारांची मारुतीची घुमटी. मुंबईत जागा कशा बळकावल्या जातात ते बाईंनी पाहिलं होतं; आपल्यासाठी कोणीतरी बळकावून देतंय, हे पहिल्यांदाच घडत होतं. दुपारी त्या विहारात गेल्या. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले चंद्रप्रकाश तिथे पंखा पुसत स्टुलावर उभे होते. बाईंनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं.

चंद्रप्रकाश खाली उतरले. फडकं घडी करत म्हणाले, "आम्हालाही तेच सांगितलंय, बाई. दुसऱ्या पक्षाच्या माणसाने. रेषा क्रुसाच्या बाजूला सरकवतो म्हणाला."

"मग तुम्ही काय बोललात?"

"विचार करतो बोललो."

बाईंनीही हर्षदला नाही म्हटलं नव्हतंच.

रविवारी लदीन झाली. बॅसिलने हाताने खूण केली. अर्सुलाबाईंनी कडीला कापड गुंडाळून टोप उचलला आणि त्या रस्त्याकडे निघाल्या.

"वहिनी, कुठे? चणे इथे वाटायचे असतात."

"ज्यांची खोली जाणार त्यांनी बोलायचं नाही का?" त्या म्हणाल्या आणि रिक्षावाल्यांना हात दाखवत पलीकडे गेल्या.

चाळीच्या दारातून लोक बाहेर आले. काय चाललंय ते कोणाला नीट कळलं नव्हतं, पण शेजारीण गरम चणे घेऊन दारात आल्यावर ओंजळ पुढे होतेच. बाई डाव भरभरून देत राहिल्या. लग्नाच्या पंगतीत वाढायची सवय. समोर ओंजळ आली की हात थांबत नाही. पलीकडची सगळी माणसं मागोमाग घेऊन त्या परत क्रुसापाशी आल्या, तेव्हा टोप रिकामा होता.

तळेपाखाडीच्या स्वतःच्या सभेत तळेपाखाडीतल्या एकालाही बोलायचा हक्क उरला नव्हता. म्हाताऱ्यांना हे आधी उमगलं. कोणीतरी खुसकन हसलं. बॅसिल तोंड उघडून उभा होता आणि नियम मोडायचं त्याच्याने होत नव्हतं. अर्सुलाबाईंना भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

तेव्हा चाळीतली वनमाला पुढे झाली. घुमटीतल्या मारुतीला रोज दिवा लावणारी ती. तिने आपल्या ओंजळीतले अर्धे चणे बॅसिलच्या हातावर घातले.

"घे रे. आता बोल काय ता. आमका तर आजवर कोणी इचारल्यानच नाय."

मग कोणी न सांगता ते सुरू झालं. चंद्रप्रकाशांनी वाडीतल्या सर्वांत म्हाताऱ्या आजोबांना दिले. एका हातातून दुसऱ्या हातात चणे जात राहिले, थोडे थोडे, पण सगळ्यांना पुरले. गाड्या खोळंबल्या, हॉर्न वाजेनासे झाले. अर्सुलाबाई रिकामा टोप पोटाशी धरून बघत होत्या. जन्मभर त्यांनी हजारोंना वाढलं होतं. वाढलेलं असं परत येताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. अंगावर काटा आला, आणि प्लेगच्या साली हा दगड उभा करणाऱ्यांना असंच वाटलं असेल का, असं त्यांच्या मनात येऊन गेलं.

बोलणं मात्र सोपं झालं नाही. बॅसिल चिडला, चाळीतले चिडले, जुनी गटाराची भांडणं निघाली. शेवटी ठरलं ते इतकंच, की रेषा दोन्हीकडून सारखी घ्या, असं पालिकेला सगळ्यांनी मिळून सांगायचं, आणि मत ज्याचं त्याचं. शेवटचं वाक्य बॅसिलच्या घशाखाली उतरायला वेळ लागला. हर्षदला त्याने ते स्वतःच कळवलं.

पालिकेने मानलं. विहाराची ओटी आणि घुमटीचा कट्टा गेला. क्रूस मागे घ्यावा लागणार होता, आणि मागे अर्सुलाबाईंचं अंगण होतं. त्यांनी ते दिलं. क्रेनने दगड उचलला त्या सकाळी फादर आले होते, चाळही आली होती. इतक्या वर्षांचा दगड जमिनीपासून सुटला. चंद्रप्रकाशांनी चपला काढून ठेवल्या. बॅसिलने ते पाहिलं आणि आपल्याही काढल्या.

आता क्रूस अंगणात आहे, आणि फाटक लावलं तर लोक येणार कुठून? अर्सुलाबाईंनी फाटक भंगारवाल्याला देऊन टाकलं. या मे महिन्यात त्यांनी एक टोप शेजारून मागून आणला आणि चुलीवर दोन चढवले.