आधी पोचलेला निरोप

ऑफिसात सगळे तिला वहिनी म्हणत. ती सवय लावली डिस्कवाल्या भाऊजींनी. ते तिच्या नवऱ्याचे शाळेपासूनचे मित्र. एकाच ठिकाणी नोकरी लागल्यावर 'मॅडम' म्हणणं त्यांना काही जमेना.

वहिनीचं काम संगणकाच्या अगदी तळाशी चालणाऱ्या प्रोग्रामचं, आणि ख्याती टापटिपीची. "वहिनींच्या तावडीतून जी ओळ सुटली तीच कामाची, बाकी सगळा केर," असं भाऊजी म्हणत. वहिनी वरवर रागवे, पण तिला ते आवडायचं.

तिथल्या एकेका मोठ्या मशीनच्या पोटात पंधरा-वीस व्हर्च्युअल, म्हणजे नुसत्या प्रोग्रामने उभी केलेली, मशिनं नांदत. प्रत्येकाला वाटे, सगळी मेमरी आपल्याच मालकीची. प्रत्यक्षात तिचे फारसे न लागणारे तुकडे, म्हणजे 'पानं', मोठं मशीन गुपचूप डिस्कवर नेऊन ठेवी. आतल्या एखाद्या कामाला नेमकं तसलं पान हवं झालं, की पूर्वी ते अख्खं व्हर्च्युअल मशीन हातावर हात ठेवून बसे. नव्या पद्धतीत मोठं मशीन आत कळवी, "पान जागेवर नाही, आणायला धाडलंय. तेवढ्या एका कामाला झोपव, बाकीची चालू दे." पान आलं की दुसरा निरोप जाई, "आलं, आता उठव त्याला."

दोन वर्षांपूर्वी या भागाची साफसफाई करताना वहिनीला काही ओळी खटकल्या. 'आलं' हा निरोप ज्या कामासाठी आहे ते झोपलेल्यांच्या यादीत सापडलं नाही, तर निरोपाची चिठ्ठी जपून ठेवा, असं त्या सांगत होत्या. जो झोपलाच नाही त्याला उठवायची चिठ्ठी कशाला? तिने त्या ओळी काढून टाकल्या.

पुढे भाऊजींनी सहा महिने खपून नव्या, फार वेगवान डिस्क बसवल्या. पंधरवड्यात एका हॉस्पिटलचं रिपोर्टचं काम तीनदा अडकलं. खिडकीशी माणसं ताटकळली. जुन्या डिस्क परत लावल्या आणि अडकणं थांबलं. मग आणखी पुरावा कशाला हवा?

चौकशीला वहिनीही बसली होती. साहेबांनी विचारलं, "तुमच्याकडून काही?"

"माझं दोन वर्षं सुरळीत चालू आहे. डिस्क बदलल्यावरच बिघडलं."

शब्द न् शब्द खरा होता. भाऊजींची रवानगी तळघरातल्या स्टोअरमध्ये झाली, सुटे भाग मोजायला.

चार महिन्यांनी वहिनी नव्या लोकांसाठी माहितीपुस्तक लिहायला बसली. 'काम झोपते, मग निरोप येतो,' असं लिहिलं आणि पेन अडखळलं. निरोप आधी आला तर? काम यादीत नाव घालायच्या आत पान हजर झालं तर? मग ती चिठ्ठीच कामाला सांगेल, झोपू नकोस, पान आलंय. चिठ्ठी नसेल तर काम निवांत झोपेल आणि त्याला उठवायला कोणीही येणार नाही. जुन्या डिस्क इतक्या मंद की निरोप सहसा मागूनच येई. भाऊजींच्या डिस्कनी पान इतक्या झटपट आणलं की निरोप पुढे गेला.

तिने बदलांची नोंद उघडली. 'अनावश्यक ओळी काढल्या.' खाली तिचंच नाव.

एका रिकाम्या मशीनवर तिने त्या नव्या डिस्क लावल्या. अकराव्या मिनिटाला काम अडकलं. काढलेल्या ओळी परत घातल्या. मशीन तीन दिवस न अडकता चाललं.

आणि मग तिने जे केलं, त्याची लाज तिला मूळ चुकीपेक्षा जास्त वाटली. तिने दुरुस्ती चढवली, नोंदीत लिहिलं 'किरकोळ सुधारणा', आणि गप्प राहिली. आज सांगू, उद्या सांगू. चहाला भाऊजी तळघरातून वर येत.

"वहिनी, कुठं माती खाल्ली तेच कळत नाही हो. एकेक केबल मी स्वतः बघितली होती."

"होतं असं कधीकधी," वहिनी म्हणाली.

नवव्या दिवशी ते म्हणाले, "माझ्या डोक्यानं आता नव्या गोष्टी झेपत नाहीत, हेच खरं." चेष्टेच्या सुरात बोलले, पण त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. वहिनी कप तसाच ठेवून उठली आणि त्यांच्या मागोमाग तळघरात गेली. खोक्यांच्या रांगेत उभं राहून तिने सगळं सांगितलं.

भाऊजींनी हातातली यादी खाली ठेवली. "म्हणजे माझ्या डिस्क चांगल्या होत्या."

"फार चांगल्या होत्या. म्हणून तर..."

"तुम्हाला कधी कळलं?"

खोटं बोलायला जागा होती. "ओळ सापडून बारा दिवस झाले. खात्री होऊन नऊ."

"नऊ," ते म्हणाले. "चूक कुणाच्याही हातून होते, वहिनी. पण नऊ दिवस माझ्यासमोर बसून चहा प्यालात." त्यांनी यादी पुन्हा उचलली. "मला मोजायचंय अजून. या तुम्ही, मॅडम."

जिना चढून ती थेट साहेबांकडे गेली आणि सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, "एक मेल टाका, झालं. कशाला उगाच शोभा करून घेता?"

"ज्या खोलीत मी त्यांच्यावर बोट ठेवलं, तिथेच सांगायचंय. माणसंही तीच हवीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ते उभं राहून सांगितलं. ओळी कुणी काढल्या, का काढल्या, आणि दुरुस्तीला किरकोळ म्हणून ती नऊ दिवस कशी लपवली. भाऊजी शेवटच्या खुर्चीत बसले होते. साहेबांनी त्यांना विचारलं, "नव्या डिस्क पुन्हा तुम्हीच लावणार ना?"

भाऊजींनी वहिनीकडे पाहिलं, अनोळखी माणसाकडे पाहावं तसं. "निरोप आधी येतो, असं किती वेळा होतं?"

"ते मी मोजलं नाही," वहिनी म्हणाली.

"मग आधी मोजून आणा, मॅडम. नंतर लावतो."

वहिनी जागेवर गेली आणि मोजायला बसली.