मडिवाळप्पांची भरती

"सगळ्या सोलापूरला तोंड दाखवता, मला तेवढी पाठ!"

शिवबाईचा आवाज भिंतीपलीकडनं आला आणि माझ्या हातातलं सूप थांबलं. कान लावायची गरज नव्हती, भिंतच तेवढी पातळ. शिवबाई म्हणजे आमच्या शेजारच्या मडिवाळप्पा टांगेवाल्यांची बायको.

"आता पाठीनं काय केलं तुझं?" मडिवाळप्पा म्हणाले.

"लग्न होऊन आले तवा टांग्यात मागं बसवलंत. माहेरला न्हेलंत, मागं. गड्ड्याच्या जत्रंला न्हेलंत, मागं. पाठीला पाठ लावून संसार झाला माझा. कवातरी लगाम सोडून शेजारी बसा की!"

"लगाम सोडला तर चंद्री थेट तळ्यात जाईल पाणी प्यायला." चंद्री म्हणजे त्यांची घोडी.

"मग घोडी नसंल असल्या गाडीतनं न्या!"

संध्याकाळी मडिवाळप्पा आमच्या दारात. आमचे हे एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक होते, म्हणून सारी गल्ली त्यांना मेस्त्री म्हणायची.

"मेस्त्री, घोडी नसलेली गाडी कुठली असती हो?"

"एसटी."

"तिच्यात तिला मळमळतंय."

"मग होडीच राहिली," हे चेष्टेनं म्हणाले. पण मडिवाळप्पांनी ती चेष्टा पदरात बांधून घेतली. ह्यांच्या बरोबरीचा एक कोकणातला कामगार होता, त्याचं गाव रत्नागिरीकडं खाडीवर. तो कधीपास्नं या या म्हणत होता. मोठा दुष्काळ सरून दुसरं वरीस लागलं होतं, आम्हा सगळ्यांनाच भरपूर पाणी बघायची हौस होती. चंद्रीला संगप्पा पानवाल्याच्या हवाली केलं आणि आम्ही चौघं निघालो.

एसटीत शिवबाई हातात लिंबू धरून खिडकीशी बसली. शेजारची जागा नवऱ्याची. पण घाट लागला तसे मडिवाळप्पा उठले आणि ड्रायव्हरच्या मागं उभं राहून त्याला वळणं सांगायला लागले. "सैल सोडा, सैल सोडा. आता आवळा." ड्रायव्हर बिचारा भला माणूस, त्यानं काही उतरवलं नाही. शिवबाई मला म्हणाली, "बघा अक्का. हितंबी पाठच."

दुसऱ्या दिवशी सकाळी खाडीवर गेलो, तर पाणी दूर कुठंतरी आणि होडी चिखलात एका कुशीवर पडलेली. होडी धाकू तांडेलाची, आम्हीच दिवसभरासाठी ठरवलेली. तांडेल म्हणजे होडी हाकणारा. तो निवांत बिडी ओढत बसला होता.

"कवा सुटायची?" मडिवाळप्पांनी विचारलं.

"भरती झाल्याबिगर नाय सुटायची."

मडिवाळप्पांचा चेहरा खुलला. सबंध मुलूख परका, माणसं परकी, पण हा धंदा त्यांच्या ओळखीचा निघाला. आमच्याकडं टांगाबी तसाच. सीटा भरल्याशिवाय हलत नाही.

"एवढंच व्हय? भरतीचं माझ्याकडं लागलं!" म्हणाले, आणि धोतराचा सोगा खोचून गावात शिरले.

धाकू बघतच राहिला. "ह्ये खंय गेले?"

"भरती आणायला," शिवबाई म्हणाली. तिला त्यात नवल वाटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही. आमचे हे तेवढे नारळाच्या झाडांकडं बघत मिशीत हसत होते. त्यांना ठाऊक असावं, पण सांगतील तर ते हे कसले.

दोन-तीन तासांनी लांबनं आरोळी आली, तीच ती, सोलापूर स्टेशनावरची. "चला चला चला! पलीकडं, पलीकडं! दोनच सीटा राहिल्या!" बघते तर मडिवाळप्पा पुढं आणि मागं ही वरात. सुक्या मासळीची पाटी घेतलेली कोळीण, कोंबड्या घेतलेली म्हातारी, लग्नाला निघालेले तिघं, नारळाचं पोतं, शिवाय एक बकरी. फुकटात पलीकडं जायला मिळतंय म्हटल्यावर कोण घरी राहील? आणि एवढ्यात पाणीही सरसर वर आलेलं, होडी सरळ होऊन डुलायला लागलेली.

"बघा मेस्त्री," मडिवाळप्पा घाम पुसत म्हणाले, "माणसं आली की हलली का नाही!"

गंमत पुढं झाली. त्यांनी सवयीनं एकेकाला उचलून बसवलं. "ए बाई, तू पुढं सरक, मागं भार होऊन उलाळ होईल. पोतं मध्ये घ्या. मामा, मांडी आवळा." शिवबाईच्या एका बाजूला मासळीची पाटी आली, दुसऱ्या बाजूला बकरी. शिवबाई लिंगायताची, जन्मात मासळीचा वास घेतला नव्हता. पदर नाकाला, डोळे तेवढे बाहेर. सगळे बसले, आणि मडिवाळप्पांना जागा उरली ती होडीच्या टोकावर. तिथं ते चढून बसले, आमच्याकडं पाठ करून, हातात होडीचा दोर. जिभेनं च्यक् च्यक् केलं.

शिवबाई उठली. होडी डगमगली, कोंबड्या ओरडल्या.

"मी उतरते."

"आता काय झालं?"

"एवढं लांब आणलं मला. तुमची पाठ मी घरी बघते की! संध्याकाळच्या एसटीनं परत जायचं, शेजारी बसायला आजच्याशिवाय दिवस न्हाई." आणि लुगडं वर धरून तिनं एक पाय पाण्यात टाकलासुद्धा.

मडिवाळप्पा मागं वळले. बसलेली सीट उतरवायची नाही, हा त्यांचा नेम. भर उन्हात चंद्री अडली तर स्वतः टांगा ओढतील, पण माणूस उतरवणार नाहीत. ते बायकोकडं बघत राहिले, मग सीटांकडं. शेवटी खाली उतरून हात जोडले.

"मंडळी, भरती रद्द. उतरा."

धाकू वल्हं टाकून हसायला लागला. "अहो पाहुणे, भरती रद्द कशी होईल? भरती पाण्याची! पाणी चढलं की भरती. माणसांची नव्हे!"

कोळीण तर पाटीवर डोकं टेकून हसली. म्हातारीच्या हातनं एक कोंबडी सुटली, ती धरण्यात आमचे हे गुडघाभर भिजले. मडिवाळप्पा कानापर्यंत लाल झाले. पण माणसं चांगली, हसत हसत उतरली. "जावा तुम्ही आधी, आमाला मागनं न्या," म्हणाली.

मग आम्ही चौघंच निघालो. शिवबाईनं त्यांच्या हातातला दोर काढून घेतला आणि आपल्या शेजारच्या फळीवर हात आपटला. बसले. रिकाम्या हातांचं काय करावं त्यांना कळेना. कधी मांडीवर ठेवत, कधी काखेत घालत. होडी खाडीच्या तोंडातनं समुद्रात गेली. धाकूनं वल्ही आत घेतली, होडी आपली आपण डुलायला लागली. वास गेला तरी विसरून धरलेला पदर शिवबाईनं नाकावरनं खाली घेतला. मडिवाळप्पा कितीतरी वेळ तिच्याकडं बघत होते.

"शिवे, नाकातली ही मोरणी कवा घेतलीस गं?"

"लग्नातली हाय," शिवबाई म्हणाली.

"समुद्र कसा हाय?" त्यांनी विचारलं.

"बरा हाय. फार हालतोय पण."

सोलापूरला आल्यावर आमच्या ह्यांनी सारं स्टेशनभर केलं. तेव्हापासनं टांगेवाले मडिवाळप्पांना 'भरती' म्हणूनच हाक मारायचे. त्यांनाही ते आवडायचं. पण एक बदल झाला. शिवबाई टांग्यात असली की पुढं, त्यांच्या शेजारी. नसली तरी ती जागा मोकळी. कुणी बसायला गेलं तर म्हणायचे, "ती भरतीत धरायची न्हाय."

पुढं रिक्षा वाढल्या, चंद्री थकली, तेही थकले. ते गेले त्याच्या आदल्या दिवशी मला लेकीकडं अक्कलकोटला जायचं होतं. त्यांच्या छातीत कळ येत होती, शिवबाई नको म्हणत होती. "अक्काला सोडतो आणि येतो," म्हणाले, तेव्हा तीही पुढं चढून बसली.

स्टेशनात माझी पिशवी उतरवून दिली, पाण्याचा तांब्या हातात दिला. मी आत जाताना वळून बघितलं. मागं दोघं बसले होते, अजून एकाची जागा होती, आणि मडिवाळप्पा ओरडत होते, "चला चला, भरती झाल्याशिवाय सुटायची न्हाय!" एक धोतरवाला धावत आला आणि पुढं चढायला लागला. मडिवाळप्पांनी चाबकाच्या दांड्यानं मागची जागा दाखवली, शिवबाईनं पदर सावरला, आणि च्यक् च्यक् करून त्यांनी चंद्रीला वळवलं.