डोंगराकडे पाठ

मामा-मामी स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया फिरून आले आणि मामाने आम्हा सगळ्यांना टीव्हीसमोर बसवून फोटो दाखवले. बर्फाचा डोंगर आणि त्याच्यापुढे साडीवर स्वेटर घातलेली मामी. निळं तळं, पुढे मामी. आगगाडीच्या खिडकीबाहेर खोल दरी, आणि खिडकीला पाठ लावून बसलेली मामी.

"हे तळं कुठलं हो?" तिने विचारलं.

"अगं, तूच उभी आहेस ना तिथे," मामा म्हणाला, आणि सगळं घर हसलं.

मला त्या हसण्याचा संताप आला. तिला कसं कळणार? मामा स्वतःच कौतुकाने सांगत होता, की गाडी थांबली रे थांबली की हिला कठड्याशी उभी करायची, फोटो काढायचा आणि निघायचं. मोटारीत ड्रायव्हरशेजारी हा, आणि मागे बॅगांमध्ये राईस कुकर सांभाळत ती, कारण हॉटेलात पोचल्यावर याला वरणभात लागतो. दोन देशांतून या बाईला पाठमोरी फिरवून आणलं आणि वर म्हणायचं, मी बायकोला युरोप दाखवला. आपल्याकडे नवरे बायकोला जग दाखवतात, आणि ती काय बघते हे विचारायचं मात्र कुणालाच सुचत नाही.

"पुढच्या वर्षी नॉर्वे," मामाने जाहीर केलं.

"येईन," मामी म्हणाली, "पण तुमचा मोबाइल घरी ठेवायचा."

"मग लोकांना दाखवणार काय?"

"लोकांचं लोक बघतील. मला तळं बघायचंय."