आमच्या ओढ्याची नसलेली मुरी

आता जे सांगणार आहे ते अण्णांनाही माहीत नाही. अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांच्यापासून लपवलेलं माझ्याकडे एवढं एकच आहे. तुम्हाला सांगते, पण तुम्ही मला समजून घ्यावं म्हणून नाही. समजून घेण्यासारखं त्यात काही आहे, असं मला वाटत नाही.

अण्णांचा छापखाना आहे. तिसगावला जाताना लागतं ते आमचं गाव. लहानपणी जेवताना ताटाखाली चुकीची छापलेली पत्रकं असायची आणि मी अक्षरं शिकले ती त्यांच्यावरून — बंधू-भगिनींनो, जागे व्हा! कुठे अन्याय दिसला की माझा हात आधी कागदाकडे जातो. याची मला लाज वाटत नाही. हे सगळं सांगून झाल्यावरही वाटणार नाही.

गावाच्या मधून ओढा जातो. तो पाइपात घालून वर दुकानांचे गाळे काढायचं घाटत होतं. ओढा मेलाय, नुसतं गटार उरलंय, बुजवलेलं बरं — असं गाळे बांधणारा माणूस पारावर बसून सांगायचा. आणि लोक माना डोलवायचे! मी म्हटलं, भाषण नको, दाखवूच. काचेची टाकी मांडायची, ओढ्याचा एक हातभर तुकडा जसाच्या तसा उचलून आणल्यासारखी, आणि त्यात ओढ्यातलेच मासे सोडायचे. बाजाराच्या दिवशी, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर.

टाकी मी फार सुंदर मांडली होती. हे सांगताना आजही छाती फुगते, काय करू? तीन फुटांची काच. मागच्या बाजूला काळा रंग. तळाला ओढ्यातली वाळू, सात पाण्यांनी धुतलेली. त्यावर ओढ्यातलेच गोटे, मोठ्याला टेकून लहान, मध्ये लपायला फटी. उंबराचं एक वाकडं मूळ. करंजाची चार वाळकी पानं. रंगीत खडे नाहीत, प्लास्टिकची झाडं नाहीत. एका टोकाला पंप, म्हणजे पाणी सतत एकाच दिशेने वाहावं — वाहत्या पाण्यातला मासा प्रवाहाकडे तोंड करून उभा राहतो, त्याला साचलेलं पाणी सोसत नाही. विहिरीचं पाणी भरून पंधरा दिवस रिकामी टाकीच चालवली, पाणी मुरावं म्हणून.

आणि त्या पंधरा दिवसांत मी पत्रक छापून वाटूनही टाकलं. आपल्या ओढ्यात काय जगतं ते या, पाहा!

मासे अजून धरलेच नव्हते.

कळलं ना? आधी पत्रक, मग मासे. आमच्या घरात सगळं असंच होतं. मग मी मच्छरदाणीचा तुकडा घेऊन ओढ्यात उतरले. चार दिवस, पुलापासून स्मशानापर्यंत. मिळाले बेडकांचे डिंबक आणि गप्पी — आरोग्य खात्याने डासांसाठी सोडलेले. मुरी एकसुद्धा नाही. मुरी म्हणजे बोटभर, पट्टेरी, तळाच्या दगडाला धरून बसणारा मासा. माझ्या लहानपणी पाण्यात पाय सोडला की तळव्याला गुदगुल्या करायचा.

काय करायला हवं होतं, ते मला तेव्हाही माहीत होतं. पत्रक मागे घ्यायचं. मी अकोले तालुक्यात मावशीकडे गेले. तिच्या गावामागे डोंगरातून गार पाणी उतरतं. तिथल्या वीस मुऱ्या दुधाच्या किटलीत घातल्या, किटलीला ओलं पोतं गुंडाळलं आणि एसटीने घरी आणल्या. रात्री नाही, चोरून नाही, भर दिवसा. कंडक्टरने विचारलं, "ताई, दूध सांडतंय का?" मी म्हटलं, नाही, दूध सांडत नाही.

बाजाराच्या दिवशी ओट्यापुढे ही गर्दी! बायका पोरांना उचलून दाखवत होत्या. सगळ्या मुऱ्या पंपाकडे तोंड करून एका रांगेत उभ्या. तेवढ्यात इब्राहिमचाचा आले. बाजारात सुकट-बोंबील विकायचे, जाळी विणायचे; सगळा जन्म त्या ओढ्याच्या काठाने गेलेला. बराच वेळ वाकून पाहत राहिले.

"सुवर्णा, लई झ्याक मांडलंयस गं. पन ही मुरी आपली न्हाई."

"मंग तिचं आधारकार्ड बघा की चाचा!" मागून कुणीतरी ओरडलं. सगळे हसले. मीही हसले.

"पोट बघ हिचं, कसं चपटं हाय. ही धो-धो पान्यातली. आपल्या वड्याची मुरी मातकट असायची. आन् तीबी आता न्हाई. तुमच्या आळीचं गटार सोडलं ना वड्यात, तवापासनं न्हाई. आदी ते गटार बंद करा, मासं येत्याल माघारी."

खरं होतं. शब्दन् शब्द खरा होता. पण गर्दीत गाळेवाल्याची माणसं उभी होती, आणि ओढ्याचा निर्णय करणारी ग्रामसभा आठ दिवसांवर आली होती. चाचा हेच तिथे बोलले असते तर?

दोन दिवसांनी गावात एक कागद फिरला. 'ओढ्यातला मासा आपला नाही म्हणणाऱ्याचा पुतण्या कोणाच्या टेम्पोवर आहे, ते गावाने विचारावं.' खाली सही — एक जागरूक ग्रामस्थ. पुतण्या खरोखरच गाळेवाल्याचा टेम्पो चालवायचा. चाचांचं नाव मी घातलं नाही. घालायची गरजच नव्हती. अमुक आळीतला माणूस विकला गेलाय म्हटलं की गाव किती चटकन विश्वास ठेवतं, ते मला ठाऊक होतं. त्याच वृत्तीविरुद्ध मी डझनभर पत्रकं लिहिली होती. आणि हा कागद आमच्या छापखान्यात छापला नाही. पाथर्डीला जाऊन झेरॉक्स काढला.

हेही सगळ्यात वाईट नाही.

चाचांना वाचता येत नाही. तो कागद घेऊन ते आमच्याकडेच आले. माझ्याकडे. "वाच गं, काय लिवलंय माज्याबद्दल? लोकं हसायलेत."

मी वाचला. मोठ्याने, स्पष्ट, शेवटच्या ओळीपर्यंत.

"कुनी लिवलं?"

"नाव नाही, चाचा."

त्यांनी कागदाची घडी घातली. "लिवनारा हुशार हाय. एक बी खोटं न्हाई लिवलं." मग टाकीची चौकशी केली. पाणी फार तापू देऊ नकोस, ओलं फडकं टाकत जा, म्हणाले.

ग्रामसभेला ते आले नाहीत. ओढा वाचला. पुढचे तीन बाजार लोक त्यांच्या पाटीपुढे थांबून विचारत राहिले, "चाचा, ह्यो बोंबील आपलाच हाय ना?" चौथ्या बाजाराला त्यांची जागा रिकामी होती. आता ते खर्ड्याला लेकीकडे असतात. उन्हाळ्यात माझ्या सात मुऱ्या मेल्या, तेव्हा मी पुन्हा मावशीकडे जाऊन आणल्या. टाकी अजून ग्रामपंचायतीत आहे. पाहुणे आले की दाखवतात.

आणि गटार? अजून ओढ्यातच पडतं. त्याविरुद्ध मी बोलणार कशी? मासे आहेत असं मीच दाखवलंय.

गाळे झाले नाहीत, याचं मला वाईट वाटत नाही. उद्या पुन्हा कुणी तो ओढा पाइपात घालायला निघालं तर मी आडवी पडेन. पण एक खरं बोलणारा माणूस गावातून उठवून मी ते मिळवलं, आणि त्याने तोंडावर विचारलं तेव्हा 'नाव नाही' म्हणाले. लढा मोठा होता म्हणून हे लहान होत नाही. तसं कुणी मला ऐकवू नये.

उद्या सकाळच्या गाडीने खर्ड्याला जाते आहे. हे सगळं लिहिलेला हा कागद आधी चाचांना वाचून दाखवायचा आहे, मग अण्णांना, आणि मग तो आमच्याच छापखान्यात छापायचा आहे. कुणी लिवलं, असं चाचा विचारतील. या वेळी खाली नाव आहे.

— सुवर्णा, छापखानेवाल्या अण्णांची