कूस बदलायचं काम

मुरबाडच्या रोजगार मेळाव्यात एका साहेबांनी माइकवरून सांगितलं होतं, यापुढे मागणी राहणार ती पेशंट सांभाळणाऱ्यांना. शहरात म्हातारी माणसं वाढताहेत, त्यांच्याकडे बघायला कोणी नाही. साहेब खोटं बोलले नाहीत. त्यांच्यावर राग काढावा म्हटलं तर तेवढीही सोय नाही.

टोकावड्याजवळच्या आमच्या गावात भाताची आवणी कोणी एकट्यानं करत नाही. आज आमच्या खाचरात, उद्या शेजारच्यांच्या, सगळ्या बायका एका ओळीत. मागं राहील तिची दिवसभर थट्टा. पेशंट सांभाळायचा कोर्सही आम्ही तसाच केला. मी नाव घातलं म्हणून चुलतबहिणीनं घातलं, तिनं घातलं म्हणून अख्ख्या आळीनं. उद्या गावात कोणी आजारी पडलं तर करायला कोण उरणार, हे एकीच्याही डोक्यात आलं नाही. आणि आम्ही म्हणे शिकलेल्या.

काम सगळ्यांनाच लगेच मिळालं, तेही शहरात. ठाण्यात एका आजींकडे मी राहूनच असते. त्या अंथरुणाला खिळल्यात. थोड्या थोड्या वेळानं कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. त्यांची पाठ अजून स्वच्छ आहे. त्यांचा मुलगा आल्यागेल्याला ते कौतुकानं सांगतो.

भात कापणीला आला तेव्हा माझी आई बांधावरून पडली आणि तिचा खुबा मोडला. तीही अंथरुणाला खिळली. वडील नाहीत, दुसरं भावंड नाही. मी नोकरी सोडली तर तिची औषधं कुठून आणायची? आळीत एकच मुलगी उरली होती, शेजारची, बारावी होऊन घरी बसलेली. ती आईचं सगळं करायची. उशी कुठे ठेवायची, गुडघा कसा दुमडायचा, मी तिला फोनवर शिकवलं. रोज संध्याकाळी मी विचारायची, आई कुठल्या कुशीवर आहे? ती सांगायची, "डाव्या, ताई." मग कुठे माझ्या घशाखाली घास उतरायचा.

गेल्या आठवड्यात ती म्हणाली, "ताई, सोमवारपासून मी पन चालले. कल्याणला काम मिळालंय, म्हातारीचं करायचं."

"कोर्स कधी केलास?"

"तुमीच शिकवलंत ना."

मला तिचा राग आला, आणि तो येऊ नये असंही वाटलं. तेवढ्यात आईनं फोन घेतला. "जाऊ दे गो तिला. सगल्या गेल्या, ती एकटीच मागं कशी राहील?"

आता पलीकडच्या काकू आईला भाकरी आणून देतात. त्यांचेच गुडघे गेलेत, आईला वळवणं त्यांच्यानं होत नाही.

सोमवारी संध्याकाळी मी फोन लावला. आई म्हणाली, बरी हाय. कुठल्या कुशीवर आहेस, मी विचारलं.

"पोरीनं जाताना वळवलेली, त्याच."

आतून आजींनी हाक मारली. मी फोन ठेवला आणि त्यांची कूस बदलली.